एक जून

आमच्या घरात तिघा भावांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. तात्यांचा १ जून १९४४, वडिलांचा १ जून १९४७, धाकट्या काकांचा १ जून १९५०. तिघांपैकी एकही त्या दिवशी जन्मलेला नाही. शाळेत नाव घालायला नेलं, गुरुजींनी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघितलं आणि रजिस्टरात एक जून लिहून टाकलं. आज्जीचा हिशेब वेगळा होता. "तात्या म्हाळात झाला. पाऊस उघडला न्हवता आणि म्हस आटलेली," असं ती सांगायची. म्हाळ म्हणजे पितृपंधरवडा.

हे सगळं पुन्हा डोक्यात आलं ते भाच्यामुळं. एकोणीस वर्षांचा आहे, सैन्यभरतीची तयारी करतो. पहाटे साडेपाचला मी त्याच्याबरोबर शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जातो आणि स्टॉपवॉच धरून उभा राहतो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले की साठ मार्क. मग बीम, म्हणजे पुल-अप्स, दहा मारले की चाळीस. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्सला मार्क नाहीत, पण ते पार व्हावंच लागतं. तो पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर अडकलाय. त्या अकरा सेकंदांसाठी त्यानं वडापाव सोडला, क्रिकेट सोडलं, गणपतीत मंडळात रात्र जागवणंही सोडलं.

एका सकाळी दहावीपर्यंत त्याच्याच बाकावर बसणारा एक मुलगा तिथं फिरायला आला होता. आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, पुढं परदेशी जायचं ठरतंय. दोघं मनापासून बोलले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. तो गेल्यावर भाचा बुटाची नाडी आवळत म्हणाला, "मामा, सगळ्यांनाच सक्ती असती तर ह्यो बी माझ्यासंगं पळाला असता न्हवं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखर उत्तर हवं असल्यासारखं त्यानं विचारलं होतं. मला ते देता आलं नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागं लागलाय.

तो पळतो ते विद्यापीठ सुरू झालं १८ नोव्हेंबर १९६२ ला. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन उद्घाटनाला कोल्हापुरात आले होते. त्याच दिवसांत तिकडं ईशान्येला चिनी हल्ल्यात सेला आणि बोमडिला ही ठाणी पडत होती. नंतर तीन दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, चीननं युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या पिढीनं निबंधांत किती वेळा लिहिलं असेल! यशवंतराव बी.ए. झाले ते कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात. देश हादरला होता, बायका अंगावरचे दागिने काढून संरक्षण निधीला देत होत्या. त्या हिवाळ्यात सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आला असता तर लोकांनी तो डोक्यावर घेतला असता, असं मला वाटतं.

घटनेचीही आडकाठी नव्हती. कलम २३ मध्ये दोन पोटकलमं आहेत. पहिल्यानं माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि तसले सक्तीचे श्रम बंद केले. दुसरं म्हणतं की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल. फक्त ती लावताना निव्वळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघून भेद करायचा नाही. एकाच कलमात वरच्या ओळीला वेठ बंद आणि खालच्या ओळीला देशासाठी सक्ती खुली. मी हे कलम अनेकदा वाचलं आणि दर वेळी त्या दोन ओळींमधल्या रेघेवर थांबलो.

प्रत्यक्षात झालं ते असं. सैन्याची मंजूर संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेली आणि ती सगळी स्वखुशीनं आलेल्या माणसांवर भरली. सक्ती झाली ती कॉलेजच्या मुलांना, एन.सी.सी.ची, १९६३ पासून. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक केली.

आमच्या घरात ही दोन्ही टोकं एकाच छपराखाली होती. तात्या १९६३ मध्ये बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. ५६ एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावरून त्यांची मनिऑर्डर यायची. तिच्यावर वडील कोल्हापुरात बोर्डिंगात राहून कॉलेज शिकले. वडिलांना एन.सी.सी. सक्तीची होती. कडक इस्त्रीची खाकी, रविवारची परेड, परेडनंतरचा नाष्टा, हजेरी कमी भरली तर साहेबांपुढं उभं राहणं. पासष्टच्या लढाईत तात्या पंजाबच्या सरहद्दीवर खंदकात होते आणि वडील मैदानावर दाहिने मुड करत होते. कागदावर बघितलं तर सक्ती वडिलांना होती आणि तात्या आपल्या मर्जीनं गेले होते.

रिटायर झाल्यावर तात्या सोप्यात बसलेले असताना मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं, तुम्हाला जावंसं वाटलं होतं का. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मला कुणी न्हेलं न्हाई. दीड एकर रान आणि आमी तिघं भाऊ. जाणं भाग हुतं." सरकारी भाषेत ते स्वेच्छेनं दाखल झालेले जवान होते. "जाणं भाग हुतं" हे त्यांचं स्वतःचं वाक्य आहे, आणि हा लेख लिहिण्याचं धाडस मला त्या वाक्यानं दिलंय.

तर समजा, १९६३ च्या जूनमध्ये कायदा झाला. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलानं दोन वर्षं द्यायची. मी आमच्या गावची चावडी डोळ्यांपुढं आणतो. भिंतीवर यादी लागलीय. यादी कुठून आली? शाळेच्या रजिस्टरातून. सक्ती करायची तर आधी माणसं मोजायला लागतात, त्यांची वयं लिहायला लागतात. आणि आमच्याकडं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात हे चिठ्ठ्या टाकून झालं. १ डिसेंबर १९६९ ला वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या कुप्यांत भरून एक एक कुपी काढली. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेली त्या वयाची सगळी मुलं रांगेत पहिली. कुप्या नीट मिसळल्या नव्हत्या, त्यामुळं वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांवर भार जास्त पडला, हे नंतर आकडे मांडल्यावर दिसलं. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. आमच्या गावच्या डब्यातून एक जूनची चिठ्ठी निघाली असती तर? तात्या, मग वडील, मग धाकटे काका, वर्षं वेगवेगळी पण तारीख एकच. अख्ख्या आळ्या रिकाम्या झाल्या असत्या, आणि म्हाळातल्या पावसाचं कुणी ऐकून घेतलं नसतं.

मग गुरुजींच्या दारात रांग लागली असती. पोराचं वय दोन वर्षं कमी लिहा, तारीख बदला. एकुलत्या मुलाला सूट मिळते म्हटल्यावर कागदोपत्री वाटण्या झाल्या असत्या, भावाचा मुलगा भावजयीच्या माहेरी दत्तक गेला असता. उसाच्या आणि गुऱ्हाळाच्या हंगामात माणूस हवा म्हणून बागायतदारांना सवलत, कोरडवाहूवाल्याला नाही. कॉलेजात शिकणाऱ्याला मुदतवाढ. अमेरिकेत ती होतीच. म्हणजे विद्यापीठाची पायरी चढलेला सुटला असता आणि सातवीतून शाळा सोडलेला गेला असता. सपाट पायाचे, अंधुक डोळ्यांचे दाखले ठरावीक दवाखान्यांतून ठरावीक दरानं मिळाले असते. मी कुणाला चोर ठरवत नाही. आपलं पोर वाचवायला आईबाप काय करतील याला सीमा नसते, आणि ज्याच्या गाठीला पैसा त्याचं पोर आधी वाचतं.

तालमींचं काय झालं असतं याचाही विचार करतो. कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालमींना शाहू महाराजांनी आसरा दिला, खासबागचं मैदान बांधलं. पण आखाड्यात उतरायची सक्ती कुणावर नव्हती. लाल मातीत पोर उतरतं ते वस्तादाच्या धाकानं आणि स्वतःच्या हौसेनं. सरकारी हजेरीपत्रक आलं असतं तर तालीम नावापुरती उरली असती.

इथवर माझं मत सक्तीच्या विरुद्ध झुकलं होतं. पण एक चित्र मला सोडत नाही. लंगरचं, म्हणजे पलटणीच्या सामायिक जेवणाचं.

सक्तीचा कायदा कलम २३ ला धरून झाला असता तर जातीवरून पलटण ठरवता आली नसती. इंग्रजांनी ती ठरवली होती. कोण लढवय्या आणि कोण नाही याच्या याद्या करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी महारांची भरती बंद केली. पिढ्यान् पिढ्या पलटणीत राहिलेल्या घरांवर दार लावून घेतलं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. त्या पिढीच्या डोळ्यांदेखत हे झालं. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं, तीही बेळगावात. १९६३ मध्ये आमच्या गावातला पाटलाचा, मांगवाड्यातला, जैनाचा, लिंगायताचा, मुजावराचा आणि कुलकर्ण्याचा मुलगा एका बराकीत झोपले असते, एका रांगेत ताट घेऊन उभे राहिले असते, एकमेकांचे बूट शोधत पहाटे धडपडले असते. ज्या गावात तेव्हा पाणवठे वेगळे होते, तिथं दोन वर्षांनी परत येऊन ते पुन्हा वेगळ्या पाणवठ्यावर गेले असते? काही गेले असते. पण सगळे नाही, असं मला मनापासून वाटतं. हा एकच विचार असा आहे की त्याच्यापुढं माझे बाकीचे मुद्दे लटके पडतात.

आणि तरीही १९७५ आठवतं. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत सरकारच्या हाती शिक्षक आणि तलाठी होते, तर त्यांनाच नसबंदीचे आकडे भरायला लावलं. गावागावांतली अठरा वर्षांची, वर्दीतली, नाही म्हणायची मुभा नसलेली मुलं हाती असती तर त्यांच्याकडून काय करून घेतलं असतं? लंगरमध्ये एकत्र जेवलेल्या मुलांना आपापल्याच गावात उतरवलं असतं का?

सक्तीचा विषय निघाला की मी शेवटी १९१७ पाशी येऊन पोचतो. इंग्लंडनं १९१६ मध्ये आपल्या तरुणांवर लष्करी सक्ती आणली होती. १९१७ मध्ये हिंदुस्थानात इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा झाला, तेव्हा सोळा ते पन्नास वयाच्या युरोपीय प्रजाजनांना सक्ती केली आणि हिंदी लोकांना मात्र ऐच्छिक ठेवलं. हा दयाळूपणा नव्हता. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातच सत्ताविसावी पलटण उठली होती. सरसकट सगळ्यांच्या हातात बंदूक देण्याची भीती इंग्रजांच्या हाडांत मुरली होती. एप्रिल १९१८ मध्ये त्यांनी आयर्लंडवर सक्ती लादायचा प्रयत्न केला, तर तिथं देशभर हरताळ झाला आणि डिसेंबरच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांनी बाजी मारली. त्याच एप्रिलमध्ये दिल्लीत युद्धपरिषद भरली होती, माणसं मागण्यासाठी. तिथं सक्ती ठरली असती तर कदाचित रौलट कायद्याची वाट न बघता १९१८ मध्येच हा देश पेटला असता.

त्याच १९१७ मध्ये करवीर संस्थानातही एक सक्ती आली. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. पुढच्या वर्षी त्यांनी महार वतनं बंद केली, ज्या वतनापायी अख्ख्या जातीनं गावाची वेठ वाहायची. एका हातानं वेठ काढून घेतली आणि दुसऱ्या हातानं सक्ती घातली. कलम २३ च्या त्या दोन ओळी मला इथं पहिल्यांदा समजल्यासारख्या वाटल्या. वेठीत माणूस दुसऱ्याचं ओझं वाहतो. शाहूंच्या सक्तीत लेकराचा हात धरून त्याला त्याच्याच भल्याकडं नेलं. लष्करी सक्ती या दोन्हींच्या मधे उभी आहे, आणि ती कुठल्या बाजूला पडेल हे कायद्यात लिहून ठरत नाही. ओझं कुणाचं, आणि ते सगळ्यांच्या खांद्यावर सारखं येतंय का, यावर ते ठरतं.

सारखं येणं आज तर आकड्यांतच बसत नाही. वर्षाला एक कोटीहून जास्त मुलगे अठरा पूर्ण करतात आणि सबंध भूदल बारा लाखांच्या आसपास. सगळ्यांना सक्ती म्हटलं तरी शेवटी चिठ्ठ्याच टाकायच्या. जर्मनीनं दुसरी वाट काढली होती. १९५६ पासून सक्ती होती, पण ज्याचं मन शस्त्र धरायला तयार नाही त्याला इस्पितळात, वृद्धाश्रमात, अपंगांच्या सेवेत दिवस भरता यायचे. २०११ मध्ये सक्ती थांबवली तेव्हा रुग्णांना उचलणारे, म्हाताऱ्यांना जेवू घालणारे हजारो तरुण हात एकदम कमी झाले. हे वाचलं आणि मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. शिरोळ तालुका पाण्यात, सैन्याच्या आणि नौदलाच्या बोटी आलेल्या. पण त्या पोचेपर्यंत माणसं काढली ती गावातल्याच पोरांनी, गुऱ्हाळातल्या काहिली आणि टायरच्या ट्यूबा घेऊन. त्या आठवड्यात प्रत्येक गल्लीत दोर बांधायला, बोट हाकायला, जखम बांधायला शिकलेली दहा माणसं असती तर, असं वाटून मी झोपलो नव्हतो. बंदूक सोडून बाकीचं सगळं सक्तीनं शिकवा, माझी हरकत नाही. मी स्वतः पहिला जाईन.

त्याच शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. पिढ्यान् पिढ्या सैन्यात माणसं देणारं गाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. मला त्या गावाचा अभिमान आहे. पण देशानं न मागता काही गावांनी इतकं दिलं म्हणून बाकीच्या गावांना, शहरांतल्या बंगल्यांना, कधीच काही द्यावं लागलं नाही, हेही खरं आहे. युद्ध व्हावं की न व्हावं यावर सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या कितीतरी घरांत कधी काळी जवानाची ट्रंक आलेली नाही. सक्ती असती तर निदान हा प्रश्न प्रत्येक उंबऱ्यावर आला असता.

हे मी बहिणीशी बोललो. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, त्याला कुणी ओढून न्हेला असता तर मी भांडले असते. साहेबाच्या दारात बसले असते. आता तो आपल्या मनानं निघालाय. मी भांडू कुणाशी?"

सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत चार वर्षं. त्यातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश मुलांना पुढं ठेवतात. भाच्याला हे सगळं पाठ आहे. चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेचं काय करायचं, याचाही त्यानं वहीत हिशेब मांडलाय: घराची स्लॅब, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, उरले तर गाडी. दीड एकराच्या जागी आता गुंठे आहेत, एवढाच फरक.

गेल्या आठवड्यात फॉर्म सुटला. रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाईल घेऊन बसलो, तो शेजारी आधार कार्ड आणि दहावीचं मार्कलिस्ट धरून. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. जन्मतारखेच्या रकान्याशी आलो. ही तारीख खरी आहे. आमच्या घरातली दवाखान्यात नोंदलेली पहिली पिढी त्याची.

"नऊ ऑगस्ट," तो म्हणाला.

बहीण आतून भांडी घासता घासता बोलली, "पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी. लाईट गेली हुती. लिव्ह."

मी रकाना वरखाली सरकवून बघितला. त्यात वेळेला जागा नव्हती.